फाट्यापर्यंत चालत गेलेला ठिपका

प्रश्न असा होता: तुमचं पार्सल घरापर्यंत यावं, की फाट्यावरच्या दुकानात ठेवलेलं चालेल?

एवढाच. यात कुणाचं वाईट होण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. आमच्या गल्लीत चाचा-चाची राहत नसते तर मलाही वाटलं नसतं.

चाचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-उशा भरायच्या हा त्यांचा धंदा. आमच्या घरातली एकूण एक गादी त्यांच्या हातची. माझ्या आईच्या बाळंतपणाची, आजोबा गेले ती, पाहुण्यांसाठी माळ्यावर गुंडाळून ठेवलेली, सगळ्या. पुढे त्यांना आतड्याचा आजार झाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढून दिलं. तिथं एक पिशवी चिकटवायची, भरली की बदलायची. चाचांच्या हाताला कंप, त्यामुळे बदलायचं काम चाचीचं. गावाला एवढंच माहीत होतं की पोटाचं ऑपरेशन झालं. पिशवीचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते चाचीला एकदा गरम पाणी हवं होतं आणि मी न विचारता पडद्याच्या आत गेले म्हणून.

त्या मापाची पिशवी तालुक्याला, तिवशात मिळत नव्हती. अमरावतीत मिळाली तर मिळाली. चाचीची मुलगी अकोल्याला, जुन्या शहरात दिलेली. ती मोबाइलवरून मागवायची आणि पार्सल थेट गावी यायचं. ते आणणारा माणूस आधी दुधाच्या गाडीवर होता, सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं. पिशव्यांच्या खोक्यावर उघड्या पोटाचं चित्र छापलेलं असायचं. त्यानं कधी काही विचारलं नाही. दुसऱ्या खेपेपासून तो ते खोकं खताच्या रिकाम्या गोणीत घालून आणायला लागला. भिंतीवरून हाक मारायचा, "चाची, सामान आलं वं!" आणि देऊन निघून जायचा. शेजारीण विचारायची, काय बोलावलं? चाची म्हणायची, "धागा आला. गाद्याईचा." चाचांनी कापूस पिंजायची धनुकली खुंटीला टांगून वर्ष होऊन गेलं होतं. तरी धागा येत होता.

मी मूळची पत्रकवाली. कापसाच्या भावावर, लोडशेडिंगवर, कालव्याच्या पाण्यावर पत्रकं लिहायची, सायकलवरून वाटायची, तहसील कचेरीसमोर उन्हात बसायचं, हे माझं शिक्षण. ही पोट्टी स्वतःचं नाव लिहायच्या आधी ‘जाहीर निषेध’ लिहायला शिकली, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. पण निषेधावर पोट भरत नाही. अमरावतीला राजापेठेत एका खोलीत काही लोक पार्सलांचं सिम्युलेशन बनवत होते. म्हणजे खेड्यापाड्यात सामान पोचवायचं तर कसं पोचवावं, हे आधी कॉम्प्युटरमध्ये खेळवून बघायचं, आणि मग त्यावरून कंपनी गाड्या ठरवणार. त्यासाठी लोकांच्या आवडीनिवडी विचारून आणणारी माणसं हवी होती. मला ते काम मिळालं, आणि मोझरीच्या पुढची, हमरस्त्यापासून आत असलेली गावं माझ्या वाट्याला आली. त्यात आमचंही.

त्या वर्षांत आमच्या भागाला प्रश्न विचारायला येणाऱ्यांची काही कमी नव्हती. पेपरात वऱ्हाडातल्या बातम्या यायच्या आणि त्यांच्या मागोमाग जीपगाड्या. मुंबईचे, दिल्लीचे, विद्यापीठाचे, सरकारचे. घरात किती माणसं, विहिरीला पाणी किती, रात्री झोप लागते का, जीव द्यावासा वाटतो का. असं सगळं, ओसरीवर बसून, चहा पीत. गावानं त्याची एक रीत बसवून टाकली होती. आलेल्याला खाट टाकायची, गुळपाणी द्यायचं, आणि तो जे विचारेल त्याचं असं उत्तर द्यायचं की त्याला जड जाऊ नये.

"मागची ते पोरगी रडूनच राह्यली होती ना वं," माझी काकू सांगायची. "मी आपलं खरं सांगून बसली, आन् तिले गप करता करता माह्यी भाकर करपली. तवापासून मी ठीक हाय म्हनतो. तेबी खुश, मीबी मोकळी."

अशा गावात मी विचारायला गेले, की तुमच्यासाठी एका माणसानं उन्हातान्हात आतपर्यंत यावं का.

तुम्हीच सांगा, काय उत्तर येणार?

"कायले तरास देता त्या गरिबाले?" पहिल्याच घरी. "फाट्यावर ठेवा म्हना. आमी येऊन नेतो."

"पण तुमाले काय बरं पडते, ते सांगा ना काकाजी. त्याचं सोडा."

"आमाले काय, आमी जातोच फाट्यावर. तो बिचारा मे महिन्यात डोक्याले टापरं बांधून येते, डोये लाल होतात त्याचे. पानी मांगाले बी लाजते."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एक म्हातारी खाटेवरून उठली नाही, पण उत्तर द्यायला तयार. "मले कोन पार्सल पाठोते वं माय? यमराज पाठोईन एखांदं. त्याले म्हना, फाट्यावरच ठेव बापा, आत नोको येऊ."

सगळ्या बायका हसल्या. गावचीच पोरगी विचारत फिरते म्हटल्यावर बायका माझ्यासोबत घरोघर हिंडायला लागल्या होत्या, जणू वरात. त्या वरातीसकट मी चाचीच्या दारात पोचले.

चाचीनं पदर सारखा केला. मी प्रश्न विचारला. माझ्या पाठीशी चार जणी उभ्या. आतून पडद्यामागून चाचांचा खोकला आला.

"फाट्यावर बी चालते बेटा," चाची म्हणाली.

"चाची, नीट आइका. घरी आनून द्यायचं का, असं इचारून राह्यले."

"आइकलं ना. धागाच त येते. ज्याले जसं जमन तसं."

मी तिच्याकडे बघितलं, तिनं चुलीकडे बघितलं. मी तिच्या नावापुढे ‘घरपोच’ लिहिलं. जाणूनबुजून लिहिलं, आणि आजही लिहीन. पण राजापेठेतली माणसं कच्ची नव्हती. तिथून पडताळणीचे फोन जायचे. एका मुलीनं चाचीला फोन लावला, गोड आवाजात विचारलं, आणि चाचीनं तिला सांगितलं, की नाही नाही मॅडम, तुम्ही कायले तरास घेता, फाट्यावर चालते. माझं लिहिणं खोडलं गेलं. वर मला समजही मिळाली, की उत्तर लोकांचं असतं, आपलं नाही.

मग ते सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं.

आमचे सर पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला मला त्रास होतो पण खरं आहे. पत्रकात वाईट माणूस लागतो. इथं तो सापडेना. त्यांनी मला स्वतःहून बोलावून पडदा दाखवला. काळ्या पडद्यावर हमरस्ता पांढरा, आतले रस्ते करडे, आणि गावं म्हणजे निळ्या ठिपक्यांचे पुंजके. "प्रत्येक ठिपका एक घर," सर म्हणाले. "प्रत्येकाचं वय, घरातली माणसं, किती चालण्याची तयारी, काय निवडेल, हे सगळं तुम्ही आणलेल्या उत्तरांवरून. आता सकाळ होते, बघा."

सकाळ झाली. पिवळी गाडी अमरावतीहून निघाली, तिवशाकडे सरकली, फाट्यावर थांबली. आणि निळे ठिपके आपापल्या पुंजक्यातून सुटून मुंगळ्यांसारखे रस्त्यानं फाट्याकडे चालायला लागले. पोचले, थांबले, परत फिरले. संध्याकाळ झाली. परत सकाळ.

"आमचं गाव कोणतं?"

त्यांनी दाखवलं. मी गल्ली मोजली आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कुठं चालला?"

"फाट्यावर. पार्सल घ्यायला."

"हिच्या घरात आजारी माणूस आहे सर. ही त्याला सोडून चार पावलं जाऊ शकत नाही."

"त्यांनी स्वतः सांगितलंय. दोनदा."

"संकोचानं सांगितलंय. आमच्याकडं कुणी तोंडावर सांगत नाही की माझ्यासाठी त्रास घ्या. ती रीत नाही आमची. तुम्ही विचारलंत ‘घरी आणू का’, लोकांनी ऐकलं ‘मी दमू का’. मग काय म्हणतील?"

सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. "तुमचं म्हणणं मला पटतंय. खरंच पटतंय. पण मग संकोच किती धरायचा? दहातल्या किती जणांचं उत्तर उलटं करू? कुणाचं करू आणि कुणाचं नको? मला काहीतरी द्या, मी घालतो. ऊन घातलंय मी, बघा. मे महिन्यात ठिपके सावकाश चालतात."

खरंच चालत होते. त्यांनी महिना बदलून दाखवला. सगळ्या गावाचे ठिपके उन्हानं हळू झाले, तरी चालत राहिले. माझ्या बोटाखालचासुद्धा.

चाचीच्या पडद्यामागं काय आहे ते त्या खोलीत उघडं करायचा मला अधिकार नव्हता, आणि ते केलं असतं तरी तो एकच ठिपका झाला असता. बाकीच्या पडद्यांमागं काय काय होतं, मला तरी कुठं ठाऊक होतं? टेबल वाजवून घोषणा द्यायची मला सवय, पण तिथं वाजवायला टेबलसुद्धा सरांचंच आणि त्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवलेला.

पुढच्या हंगामात आतली फेरी बंद झाली. पार्सलं फाट्यावरच्या मोबाइल रिचार्जच्या दुकानात ठेवायची, ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. सामान आणणारा भाऊ, ज्याच्यावरच्या दयेपोटी गावानं हे सगळं कबूल केलं होतं, त्याचंच काम गेलं. तो तिवशात कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर लागला. गावाला त्याचं फार वाईट वाटलं. काकू म्हणाली, "आमी त त्याचं चांगलंच चिंतलं होतं."

पहिलं खोकं आलं तेव्हा मी गावीच होते. फाट्यावर गेले तर दुकानदारानं ते चिप्सच्या पाकिटांच्या आणि मोबाइलच्या कव्हरांच्या मधल्या फळीवर मांडून ठेवलेलं. चित्र बाहेरच्या बाजूला. दोन जण चहा पीत ते निरखत होते.

"पिंजाऱ्याच्या घरचं हाय," दुकानदार म्हणाला. "हे पोटाचं काय हाय वं? पट्टा हाय का? आमच्या बुडीचं बी पोट सुटलं, तिच्यासाठी बोलावतो."

"मी नेते, द्या."

"तुमाले नाई देता येत. ज्याच्या नावाचं त्यालेच. वरून तसा नियम हाय, मी काय करू? चाचीले पाठोवा."

मी भांडले. आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमीच त इचारत फिरत होत्या ना घरोघर?" चहा पिणारे दोघं हसले. मी खोकं निदान फळीवरून खाली ठेवायला लावलं, चित्र भिंतीकडं करून.

चाची गेली नाही. कशी जाणार? पिशवी कधी सुटेल याचा नेम नाही, आणि सुटली की चाचा स्वतः काही करू शकत नाहीत. शेजारणीला बसवून जावं तर शेजारणीला सगळं कळणार. काही दिवसांनी खोकं परत गेलं. चाचीनं जुनी लुगडी फाडली, घड्या करून पोटावर बांधायला सुरुवात केली. भोवतीची कातडी सोलवटून निघाली. चाचा तेव्हा उशीत तोंड घालायचे, आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून. स्वतःच्याच हातानं भरलेली उशी.

मी एकच शस्त्र शिकले होते, ते काढलं. पत्रक लिहिलं. ‘घरपोच सेवा हा खेड्याचाही हक्क आहे.’ ‘शहराला दारात, खेड्याला वाऱ्यावर.’ ‘आमच्या सौजन्याचा गैरफायदा बंद करा.’ चांगलं जाड कागदावर छापलं. पण लिहिताना सारखं अडायला होत होतं. खरं कारण एकच होतं आणि तेच लिहिता येत नव्हतं. म्हणून म्हातारेकोतारे लिहिलं, अपंग लिहिलं, गरोदर बाया लिहिलं, सगळं लिहिलं.

पत्रक पोचलं असावं, कारण कंपनीचा एक साहेब अमरावतीहून गावात आला. मी दोन दिवस घरोघर फिरून बजावलं होतं: बोला. नुसतं एवढं म्हना, की आमाले घरी पायजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बोलू ना बाई, बोलू."

समाजमंदिरात बैठक भरली. साहेबासाठी गादी अंथरली. कुणाच्या तरी घरची, पांढरी खोळ घातलेली. मी ती टाक्यांवरून ओळखली. साहेब त्यावर मांडी घालून बसला, घाम पुसला. त्याला लिंबूपाणी दिलं, मग पोहे, मग चहा. तो खरंच दमला होता. गाडी नाल्याजवळ फसली होती आणि शेवटचा तुकडा तो पायी आला होता. ते कळल्यावर मला गाव हातातून गेलेलं दिसलं.

"तुमच्या काय अडचणी आहेत, मोकळेपणानं सांगा," साहेब म्हणाला.

आबा उठले. जुने सरपंच, माझ्या वडिलांचे काका. "साहेब, तुमी इतक्या दुरून, एवढ्या तपनात, पायी आले. हेच लय झालं. अडचन कायची? थोडंफार चालतेच."

"आबा!" मी ओरडले. "काल काय ठरलं?"

"बस खाली. घरी आलेल्या मानसाले कोनी टोकते का? तुह्यं पत्रक वाचलं त्याईनं, म्हनून त आले." आणि साहेबाकडे वळून, "पोरगी चांगली हाय आमची. तोंडानं जरा फटकळ हाय."

मी बोलले. उभी राहून, पत्रकातलं सगळं बोलले. साहेब मान हलवत होता, पण बघत होता बाकीच्यांकडे, आणि बाकीचे त्याच्या कपात अजून चहा ओतत होते. दारात बायकांच्या घोळक्यात चाची होती. कशी आली होती कोण जाणे. चाचांना झोप लागलेली बघून धावत आली असावी. तिला तिथं बघून मला उभारी आली. मी म्हणाले, "साहेब, त्यांना विचारा. त्या चाचींना."

साहेबानं अदबीनं विचारलं, "आई, तुम्हाला फाट्यावर येण्यात काही अडचण?"

सगळं समाजमंदिर तिच्याकडे वळलं. फाट्यावरचा दुकानदारही होता त्यात.

"नाई साहेब," चाची म्हणाली. "अडचन कायची."

आणि पदर तोंडाशी धरून घराकडे निघून गेली, भराभर.

मी तिच्या मागोमाग गेले. आत जाऊन बोलू नये तसं बोलले. काहून बोलल्या नाई? एक वाक्य, चाची. एक वाक्य बोलाचं होतं.

ती चाचांचा सदरा वर करत होती. "काय बोलू? इतक्या मानसाईत? त्याईच्या पोटाची गोष्ट सांगू?" मग सावकाश, "चाळीस साल या गावाच्या गाद्या भरल्या त्याईनं, बेटा. उद्या कोनी म्हनन, त्या पिंजाऱ्याच्या हाताचा वास येते."

चाचा जागे होते. पडल्या पडल्या म्हणाले, "झाली का सभा? साहेबाले गादी कोनती टाकली?"

"पांढऱ्या खोळीची," मी सांगितलं.

"ते माह्यीच." ते जरा हसले. "टोचली नसन त्याले."

चाचीनं कोपऱ्यातून माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा ओढला. मीच तिच्याकडे ठेवायला दिला होता. वरची दोन घेतली, भरलेली घडी त्यात गुंडाळली, वर अजून एक लावलं. "कागद मोठा चांगला हाय तुह्या," ती म्हणाली. "ओल नाई सुटत बाहेर." टोमणा नव्हता तो. तिला खरंच बरं पडत होतं.

तेव्हापासून पिशव्या मी आणते. मुलगी अकोल्याला तिच्या घरी मागवून ठेवते, मी महिन्यातून एकदा मोर्णा नदीपलीकडं तिच्या गल्लीत जाते, ती खोकं जुन्या चादरीत बांधून देते, मी एसटीनं अमरावती, तिथून तिवसा, फाट्यावर उतरून पायी आत. कधी काम अडतं, कधी गाडी चुकते, आणि मग तेवढे दिवस चाचा लुगड्याच्या घड्यांवर. मला माहीत असतं, आणि अमरावतीत बसून मी काही करू शकत नाही. राजापेठेतली खोली रिकामी झाली. सर आता दुसऱ्या जिल्ह्यांवर काम करतात. जाताना म्हणाले होते, तुमच्या गावांची उत्तरं सगळ्यात स्वच्छ होती, कुणी कटकट केली नाही.

परवा गेले तर ऊन असं, की डांबर चपलेला धरत होतं. चाचीनं बोचकं घेतलं, मला माठातलं पाणी दिलं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"किती लाल झाली वं तू. कायले येतं इतक्या आत?" ती म्हणाली. "पुढच्या बारीले फाट्यावर ठेवून दे. मी येऊन नेईन."

पडद्यामागून चाचांनी हाक मारली. बोचकं तसंच हातात घेऊन ती आत गेली.